वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वाढणारे वजन आणि थायरॉइड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लीव्ह, बायपास किंवा मिनी बायपास यांपैकी एखादी शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, वजन चांगले उतरले होते आणि आता काटा पुन्हा वर सरकू लागला आहे; त्यातच थायरॉइडचा त्रास जुना आहे किंवा नव्याने निघाला आहे, अशा व्यक्तींसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. येथे ‘थायरॉइड’ म्हणजे ग्रंथीचे काम मंदावण्याचा विकार, अर्थात हायपोथायरॉइडिझम, असा अर्थ घ्यावा. गोळीचा डोस बदलण्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

शस्त्रक्रियेनंतर थोडे वजन परत येणे नेहमीचेच आहे का?

होय. बहुतेकांचे वजन एक ते दोन वर्षांत सर्वांत खाली येते आणि त्यानंतर थोडे वर जाऊन स्थिरावते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते, तर दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली होती. या हिशेबाने १२० किलोची व्यक्ती सुमारे ८२ किलोपर्यंत उतरते आणि दहाव्या वर्षी ९० किलोच्या आसपास असते. इतक्या वाढीला शस्त्रक्रिया ‘फसली’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. काळजी करावी ती वाढीच्या वेगाची. दोन-तीन वर्षे स्थिर असलेले वजन काही महिन्यांतच भराभर वाढू लागले, तर त्याचे कारण शोधायलाच हवे.

नुसत्या थायरॉइडमुळे किती किलो वजन वाढू शकते?

लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच कमी. ग्रंथी मंदावल्यामुळे होणारी वाढ साधारणपणे दोन ते पाच किलोंच्या घरात असते. विकार तीव्र असेल तर ती अधिक असू शकते. तिच्यातला मोठा भागही चरबीचा नसतो, तो शरीरात साठून राहिलेल्या क्षाराचा आणि पाण्याचा असतो. म्हणूनच उपचार नीट सुरू झाले की चेहऱ्यावरची सूज उतरते, पण दहा-पंधरा किलो उतरत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर पंधरा किलो परत आले असतील, तर त्याचे सगळे खापर थायरॉइडवर फोडता येणार नाही, आणि तसे फोडले की खरे कारण शोधायचे राहून जाते. मात्र ‘तुम्ही पथ्य पाळत नाही’ असे ऐकवून, टीएसएच (ग्रंथीला काम करायला लावणारे संप्रेरक; ग्रंथी मंदावली की रक्तात ते वाढते) न तपासताच एखाद्या बाईंना घरी पाठवणे हेही तितकेच चूक आहे. थायरॉइड मंद असला की थकवा येतो, स्नायू दुखतात, फिरायला जाणे सुटते, आणि या आडवाटेनेही वजनात भर पडत जाते.

शस्त्रक्रियेमुळेच थायरॉइड होतो का?

नाही. जठरावर केलेल्या शस्त्रक्रियेने गळ्यातल्या ग्रंथीला इजा होत नाही. आपल्याकडे हा विकार बहुधा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर हल्ला केल्याने होतो आणि स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. मुंबई आणि गोव्यासह भारतातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये हायपोथायरॉइडिझम आढळला होता. विकारच इतका सर्रास असल्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांना तो आधीपासून असतो, आणि काहींना पुढे कधीतरी झालाच असता.

शस्त्रक्रियेपूर्वी वर्षानुवर्षे एकाच डोसवर टीएसएच चांगला होता. नंतर तो का बिघडला?

कारण शस्त्रक्रियेनंतर डोसची गरज आणि गोळीचे शोषण या दोन्ही गोष्टी बदलतात, आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेला जाऊ शकतात.

आधी गरज पाहू. ग्रंथीचे काम पूर्ण थांबलेल्या व्यक्तीला लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉइडच्या गोळीतले औषध, म्हणजेच थायरॉक्सिन) मात्रा ढोबळमानाने दर किलो वजनामागे दररोज १.६ मायक्रोग्रॅम धरतात. त्यामुळे तीस-चाळीस किलो उतरल्यावर अनेकांना पूर्वीपेक्षा कमी डोस पुरतो. शिवाय लठ्ठपणामुळे टीएसएच मुळातच थोडा वर राहत असतो, तो वजनाबरोबर खाली येतो. पहिल्या वर्षात डोस कमी करावा लागला तर त्यात नवल नाही.

शोषणाची गोष्ट वेगळी आहे. ही गोळी जठरातल्या आम्लाच्या मदतीने विरघळते आणि लहान आतड्यात, मुख्यतः त्याच्या मधल्या व शेवटच्या भागात, शोषली जाते. निरोगी माणसातही गोळीतले साधारण ६० ते ८० टक्केच औषध रक्तात पोहोचते. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकलेला असतो. बायपासमध्ये अन्न एका छोट्या पिशवीतून थेट पुढच्या आतड्यात जाते. दोन्हींमध्ये आम्ल घटते. तरीही माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत पहिला संशय शस्त्रक्रियेवर घेण्यापेक्षा तिच्यामागून घरात आलेल्या गोळ्यांच्या डब्यावर घ्यावा. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच बांधून ठेवतात. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बहुधा हे दोन्ही असतात. ॲसिडिटीसाठी दिलेले पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोल उरलेसुरले आम्लही घटवते, आणि बद्धकोष्ठतेसाठी घेतलेले इसबगोलही औषध अडवू शकते. यांतली बहुतेक औषधे शस्त्रक्रियेनंतर खरोखरच लागतात, त्यामुळे ती फेकून देणे हा उपाय नव्हे. घोटाळा होतो तो विसर पडू नये म्हणून सकाळी सगळ्या गोळ्या एकाच घोटाबरोबर घेण्याच्या सवयीने. डोस तोच असतो, कंपनीही तीच असते, फक्त शरीराला मिळणारे औषध कमी होते. टीएसएच वाढला की डोस वाढवण्याआधी हे वेळापत्रक विचारले गेले पाहिजे, आणि ते फार थोड्या ठिकाणी विचारले जाते.

मग दिवसाच्या गोळ्या कशा लावाव्यात?

नियम दोनच आहेत. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम, लोह किंवा मल्टिव्हिटॅमिन यांच्यात किमान चार तासांचे अंतर असावे. आणि कॅल्शियम व लोह यांच्यात आपसांत किमान दोन तास असावेत. उदाहरणार्थ, सकाळी सहाला उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि सातनंतर चहा-नाश्ता करावा. अकराच्या सुमारास कॅल्शियमची पहिली गोळी, दुपारच्या जेवणानंतर दोन वाजता मल्टिव्हिटॅमिन, पाचच्या आसपास बिनसाखरेच्या लिंबूपाण्याबरोबर लोह आणि रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियमची दुसरी गोळी, असा क्रम बहुतेक घरांत बसू शकतो. लोहाच्या गोळीजवळ चहा नको, कारण चहाने लोहाचे शोषण घटते. पाचचा चहा सुटत नसेल तर लोह पुढे ढकलावे. कॅल्शियम दिवसाला एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागते आणि एका वेळी पाचशे-सहाशेपेक्षा जास्त नीट शोषले जात नाही, म्हणून ते विभागूनच घ्यावे लागते. आम्ल कमी असतानाही चालणारे कॅल्शियम सायट्रेट या रुग्णांना कार्बोनेटपेक्षा अधिक योग्य ठरते.

ॲसिडिटीच्या गोळीचे मात्र अंतर पाळून भागत नाही, कारण तिचा परिणाम दिवसभर टिकतो. ती शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांसाठी दिलेली असते. पुढे ती सवयीने चालू राहिली आहे की तिची अजून गरज आहे, हे सर्जनना एकदा स्पष्ट विचारावे. गरज असेल तर ती घ्यावी आणि थायरॉइडचा डोस त्या हिशेबाने ठरवून घ्यावा.

गोळी घेतल्यावर लगेच चहा घेतला तर काय होते?

कॉफीने या औषधाचे शोषण घटते हे अभ्यासांत दिसले आहे, आणि आपल्या चहात तर दूध, म्हणजे कॅल्शियमही असते. किमान अर्धा तास, शक्य असेल तर तासभर थांबावे. सकाळच्या प्रोटीन शेकलाही हाच नियम लागू आहे.

सकाळी जमत नाही. रात्री झोपताना गोळी घेतली तर चालेल का?

चालते. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झोपताना गोळी घेणाऱ्यांचा टीएसएच सकाळी घेणाऱ्यांपेक्षा थोडा चांगला आढळला होता. अट अशी की शेवटचे खाणे होऊन तीन तास झालेले असावेत आणि रात्रीचे कॅल्शियम दुसऱ्या वेळी हलवलेले असावे. नऊ-साडेनऊला जेवून अकराला झोपणाऱ्या घरांत ही अट पाळली जाणे अवघड आहे, म्हणून सकाळची वेळच बरी. कोणतीही वेळ निवडली तरी ती रोज बदलू नये.

केस गळत होते म्हणून बायोटिन सुरू केले. त्यानंतर टीएसएच कमी आला, डोस घटवला आणि वजन वाढू लागले. असे का झाले?

हा प्रश्न दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. वेगाने वजन उतरल्यावर तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास केस गळणे अगदी सामान्य असते. त्यासाठी मेडिकलमधून बायोटिनच्या गोळ्या आणल्या जातात आणि त्यांत अनेकदा १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, इतका मोठा डोस असतो. अनेक प्रयोगशाळांतील थायरॉइडच्या चाचण्यांमध्ये बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तातल्या जादा बायोटिनमुळे तिथे टीएसएच खोटाच कमी आणि टी-थ्री, टी-फोर (ग्रंथीतून येणारी संप्रेरके) खोटेच जास्त दिसू शकतात. अहवाल वाचणाऱ्याला वाटते की डोस जास्त होतो आहे. तो घटवला जातो, आणि प्रत्यक्षात रुग्ण हायपोथायरॉइड होऊन बसतो. मग थकवा वाढतो, केस अधिक गळतात आणि बायोटिन आणखी नेटाने घेतले जाते.

उपाय सोपा आहे. रक्ततपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे आणि ‘केस-त्वचा-नखे’ असे लिहिलेल्या प्रत्येक गोळीचे नाव डॉक्टरांना सांगावे. तसेही, बायोटिनची कमतरता नसेल तर या केसगळतीवर त्याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. पुरेशी प्रथिने आणि लोह मिळाल्यावर केस बहुधा पुन्हा येतात.

टीएसएच कधी आणि कसा तपासावा?

लेव्होथायरॉक्सिनची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे डोस किंवा वेळापत्रक बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणीला अर्थ असतो. पंधरा दिवसांत तपासून पुन्हा डोस बदलला की टीएसएच झोके घेत राहतो. वजन वेगाने उतरत असताना दर तीन महिन्यांनी आणि स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी ते वर्षाने तपासणे बहुतेकांना पुरते. रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्यावे. कंपनी बदलली तर तेही तपासणीचे कारण समजावे. म्हणूनच दुकानदाराने थायरोनॉर्मऐवजी एल्ट्रॉक्सिन किंवा त्याउलट दिले, तर ते मुकाट्याने घेऊ नये.

माझा टीएसएच ६ आला आहे. वजन वाढण्याचे कारण हेच असेल का?

बहुधा नाही. प्रौढांमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४ या दरम्यान सामान्य धरतात, तरी प्रयोगशाळेनुसार मर्यादा थोडी बदलते. टीएसएच ४ ते १० च्या दरम्यान असेल आणि फ्री टी-फोर सामान्य असेल, तर त्या सौम्य अवस्थेवर उपचार करून वजन उतरल्याचे दिसत नाही. उलट वजन वाढल्यामुळेच टीएसएच थोडा चढलेला असू शकतो, म्हणजे ज्याला आपण कारण समजतो तो परिणाम असण्याची शक्यता असते. उपचार करायचे की नाही हे वय, गरोदरपणाचा विचार, अँटिबॉडीची (प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेल्या हल्ल्याची खूण) तपासणी आणि लक्षणे पाहून ठरते. वजन हा त्यातला निर्णायक मुद्दा नाही. टीएसएच १० च्या वर असेल किंवा टी-फोर घटलेला असेल, तर मात्र उपचार टाळू नयेत.

थायरॉइडची गोळी थोडी जास्त घेतली तर वजन उतरेल का?

हा प्रयोग करू नये. सामान्य ग्रंथी असलेल्याने किंवा गरजेपेक्षा जास्त डोस घेणाऱ्याने चरबीबरोबर स्नायूही गमावलेले असतात, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो आणि हाडे ठिसूळ होतात. शस्त्रक्रियेनंतर हाडांची घनता आधीच घटत असते, त्यामुळे हा धोका या रुग्णांना दुप्पट टोचतो. अमेरिकेतील औषध नियामक संस्थेने तर लठ्ठपणासाठी हे औषध वापरू नये असा ठळक इशाराच त्याच्या माहितीपत्रकावर छापायला लावला आहे.

थकवा, केस गळणे, थंडी वाजणे ही लक्षणे थायरॉइडची की पोषणाच्या कमतरतेची?

नुसत्या लक्षणांवरून सांगता येत नाही, कारण दोन्हींत ती सारखीच दिसतात. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने यांची कमतरता शस्त्रक्रियेनंतर वारंवार आढळते, म्हणून टीएसएचबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही एकदमच तपासून घेणे शहाणपणाचे. अनेक रुग्णांमध्ये एकाहून अधिक गोष्टी निघतात.

टीएसएच अगदी सामान्य आहे, तरी वजन वाढते आहे. मग काय पाहावे?

येथून पुढचा शोध थायरॉइडच्या बाहेरचा असतो. पहिली नजर खाण्याच्या प्रकारावर टाकावी, प्रमाणावर नंतर. छोट्या जठरात भाकरी, उसळ, अंडी किंवा मासे पटकन पोट भरतात. पण साखरेचा चहा, आइस्क्रीम, आमरस, श्रीखंड, शेव-फरसाण आणि बिस्किटे सहज खाली उतरतात आणि पोट भरल्याची जाणीवही करून देत नाहीत. जेवण दोन घासांचे आणि दिवसभर थोडे थोडे चरणे, अशी ही अवस्था असते, आणि ती सांगताना रुग्ण खोटे बोलत नसतो. ‘मी जेवतच नाही’ हे त्याचे वाक्य अक्षरशः खरे असते. उपवासाच्या दिवसांत साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे वाढतात, प्रथिने घटतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जातात का, याचा चार दिवसांचा लेखी हिशेब ठेवला की पुष्कळ काही उलगडते.

दुसरे म्हणजे शरीराची ऊर्जेची गरजच घटलेली असते. वजन उतरताना स्नायूही जातात, त्यामुळे ७५ किलोला उतरलेल्या शरीराला ११० किलोच्या वेळेइतके अन्न लागत नाही. नुसते चालणे पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्याचा किंवा रबराच्या पट्ट्यांचा व्यायाम हवा.

तिसरे म्हणजे इतर औषधे. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, सोडियम व्हॅल्प्रोएट, ओलान्झापीन, मिर्टाझापीन, ॲमिट्रिप्टिलीन यांनी वजन वाढू शकते. ती आपल्या मनाने बंद करायची नसतात, पर्यायाबद्दल विचारायचे असते. शेवटी जठराची पिशवी किंवा तिचा आतड्याशी असलेला जोड रुंदावला आहे का, हे एंडोस्कोपीने किंवा बेरियम देऊन काढलेल्या एक्स-रेने पाहता येते.

थायरॉइड आहे म्हणून कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद करावे का?

शिजवलेला कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. सोयाबीनही वर्ज्य नाही. मात्र ते गोळीचे शोषण घटवू शकते, म्हणून सोया प्रोटीनची पावडर घेत असाल तर ती गोळीपासून दूरच्या वेळी घ्यावी.

वजन कमी करण्याची नवी इंजेक्शने थायरॉइडच्या रुग्णाला घेता येतात का?

साधा हायपोथायरॉइडिझम ही त्यात आडकाठी नाही. टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये उपलब्ध झाले, आणि शस्त्रक्रियेनंतर वाढलेल्या वजनासाठीही डॉक्टर ती वापरतात. मात्र स्वतःला किंवा रक्ताच्या नातेवाइकाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर ती घेऊ नयेत. घरात कुणाच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर ती कशासाठी झाली होती हे आधी विचारून घ्यावे. सेमाग्लुटाइडची गोळी मिळते, तीही सकाळी रिकाम्या पोटी, अगदी थोड्या पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून दूर घ्यायची असते. म्हणजे थायरॉइडच्या गोळीची आणि तिची वेळ एकच. शिवाय तिच्यामुळे रक्तातील थायरॉक्सिनचे प्रमाण वाढू शकते, त्यामुळे टीएसएच पुन्हा तपासावा लागतो. या औषधांनी भूक आणखी घटते, तेव्हा आधीच कमी जेवणाऱ्या व्यक्तीची प्रथिने आणि जीवनसत्त्वे आणखी मागे पडू नयेत याकडे आहारतज्ज्ञाचे लक्ष असणे आवश्यक आहे.

पुन्हा शस्त्रक्रिया करावी का?

रचनेतला दोष सापडला असेल, किंवा स्लीव्हनंतर वजनाबरोबर तीव्र आम्लपित्ताचाही त्रास असेल, तर स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करण्याचा विचार होतो. पण टीएसएच ताळ्यावर आल्याशिवाय हा निर्णय घेण्याची घाई नको. थायरॉइड फार मंद असताना भूल देणेही जोखमीचे असते.

गरोदर राहायचे असेल तर?

शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. वजन उतरल्यावर बंद पडलेली पाळी सुरू होते आणि अनपेक्षितपणे दिवस जाऊ शकतात, म्हणून गर्भनिरोधनाबद्दल आधीच बोलून ठेवावे. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, तीही सुरुवातीच्या आठवड्यांतच. त्यामुळे पाळी चुकल्याबरोबर टीएसएच तपासावा. याच काळात लोह आणि कॅल्शियमचे डोसही वाढतात, तेव्हा चार तासांचा नियम अधिक कसोशीने पाळावा लागतो.

उपवासाला किंवा प्रवासात गोळी चुकली तर?

पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडतो असे मानून नवरात्राचे नऊ दिवस गोळी सोडणारे लोक आहेत. तसे करू नये. निर्जळ उपवास असेल तर गोळी पहाटे, उपवास सुरू होण्याआधी घ्यावी. एखाद्या दिवशी विसर पडला तर त्या दिवशी रिकाम्या पोटी आठवेल तेव्हा घ्यावी. त्या दिवशी घेतलीच गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी बहुतेकांना चालते, मात्र हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद न्यावा, कारण स्लीव्ह झाली की बायपास, आणि बायपास असेल तर कोणता, हे अनेकांना तोंडी सांगता येत नाही. शस्त्रक्रियेआधीचे, सर्वांत कमी झालेले आणि आजचे अशी तीन वजने तारखांसह लिहावीत. जुने टीएसएच अहवाल क्रमाने लावावेत. घरातल्या सगळ्या गोळ्या, पावडरी आणि काढे प्रत्यक्ष पिशवीत घालून न्यावेत, आणि प्रत्येकीवर ती किती वाजता घेतली जाते ते लिहावे. बेरिॲट्रिक (वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणारे) सर्जन आणि थायरॉइड पाहणारे डॉक्टर वेगवेगळे असतील तर एकाचा कागद दुसऱ्याला दाखवावा. कॅल्शियम एकाने लिहिलेले असते आणि थायरॉक्सिन दुसऱ्याने, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘सकाळी’ असेच असते.